शेवटी कोण चालणार?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘मुलांना घेऊन थंडीतली सोपी भटकंती’ या विषयावर केलेलं भाषण)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं आहे. मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा पोटात असताना तुम्हाला डोंगर चढायला सांगणं हा अन्याय आहे. पण डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल, घोरू नका एवढीच विनंती.

हा विषय मी निवडलेला नाही, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने निवडला. दिवाळी संपली, हवा जरा गार झाली, की ग्रुपवर तीच विचारणा सुरू होते. “रविवारी मुलांना घेऊन कुठे जाऊ? जास्त चढ नको, मॉल नको.” त्यावर कुणीतरी हरिश्चंद्रगड सुचवतो, कुणी कलावंतीणचा फोटो टाकतो, आणि विचारणारा बिचारा रविवारी मॉलमध्येच जातो. एका मित्राने लिहिलं होतं, “गेल्या वर्षी लेकीला नेलं होतं. ती म्हणते, परत कधीच नाही.” हे वाक्य मला लागलं. सात वर्षांच्या मुलीने डोंगराला ‘परत कधीच नाही’ म्हणावं, यात चूक डोंगराची नसते आणि मुलीचीही नसते. तिच्यासाठी डोंगर चुकीचा निवडलेला असतो.

आता मीच का बोलतेय? आपल्या वर्गात माझ्याहून सरस चढणारे बसले आहेत. हिमालयात जाऊन आलेले दोघं तर पहिल्याच रांगेत आहेत. माझी पात्रता वेगळी आहे. शाळेच्या प्रत्येक सहलीत मी कायम शेवटची असायचे. पुढची मुलं वर पोचून, डबे खाऊन, भेंड्या खेळायला लागायची तेव्हा मी लाल चेहऱ्याने उगवायचे. पण एक गोष्ट होती. इतिहासाचे आपले सर, आज इथे आलेले आहेत, ते नेहमी माझ्या मागे चालायचे. “चल चल” असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. एखादा दगड दाखवायचे, टाक्याचं काठावर झिजलेलं दोराचं व्रण दाखवायचे, आणि तेवढ्यात माझा दम परत यायचा. शेवटी असूनही मी डोंगरावर रागावले नाही, याचं कारण ते. गेली बारा-तेरा वर्षं भाचरं, शेजारची मुलं आणि आता स्वतःची दोन, अशी पोरं घेऊन मी हिंडते आहे ती त्या शेवटच्या जागेवरूनच. म्हणून आज जे सांगेन ते मागून दिसलेलं आहे, असं समजा.

पहिली गोष्ट, थंडीच का? पावसाळ्यात सह्याद्री देखणा असतो, कबूल. पण तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं, धुक्यात कड्याची कडा दिसत नाही, ओढ्याला अचानक पाणी येतं आणि लोणावळ्याकडच्या रस्त्यावर गाडीतच अर्धा दिवस जातो. उन्हाळ्यात दहा वाजल्यापासून कातळ तापतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने लहान मुलांसाठी खरे आपले. वाट कोरडी, हवा स्वच्छ, गवत सोनेरी, आणि लांबचे गड ओळखत बसण्याचा खेळ खेळता येतो.

पण थंडीचे स्वतःचेही तीन डाव आहेत. एक, दिवस लहान. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी जेवून निघू म्हणणाऱ्याचा उतार अंधारात होतो. दोन, घसारा. पावसात घट्ट असलेली माती आता सुटी होते, वर बारीक मुरूम येतो, आणि उतरताना पाय सरकतो. चढताना न पडलेलं मूल उतरताना पडतं ते यामुळे. उतारावर गुडघे किंचित वाकवून, पाय आडवे टाकत, छोट्या पावलांनी उतरायला आधीच शिकवावं. तीन, कुसळं. लोकरीचे मोजे घातलेत तर घरी येऊन रात्रभर कुसळं काढत बसाल. गुळगुळीत कापडाची लांब पँट बरी.

आता निवड कशी करायची? यासाठी एक जुना हिशेब आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. साध्या आकड्यांत सांगायचं तर दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या सिंहगडाचं उदाहरण घेऊ. आतकरवाडीकडून पायवाट अडीच-तीन किलोमीटरची, चढ ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे चालीचा अर्धा तास आणि चढाचा एक, मिळून दीड तास. हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा, आणि न थांबता चालण्याचा. रोज सकाळी चढणारे आपले पुणेकर त्याहून लवकर जातात, ते सोडा. लहान मुलं बरोबर असतील तर मी सरळ दुप्पट धरते. म्हणजे वर जायलाच तीन तास. आता सांगा, सहा वर्षांच्या मुलाची पहिली चढाई म्हणून सिंहगड पायी योग्य आहे का? पण पुण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची पहिली चढाई सिंहगडच असते, कारण आपल्याला वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं असतं. दही खायला गाडीने जा, बिनधास्त जा. पायी मात्र मूल नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर.

माझा दुसरा नियम याहून सोपा आहे. गाडीतून किंवा स्टेशनातून पाय खाली टाकल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत चार तास. त्यात चढ, उतार, खाणं, रुसणं, सगळं आलं. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी या चार तासांत न बसणारी जागा मी यादीतून काढून टाकते, मग तिचं कितीही नाव असो.

आता जागा सांगते. लिहून घ्यायची गरज नाही, भाषण स्मरणिकेत छापणार आहेत असं संपादक म्हणाले आहेत.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना गड लागत नाही. त्यांना दगड, माती आणि काठी लागते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मोजत चढणं ही त्या वयात मोठी मोहीम असते. वेताळ टेकडी तर आपल्या दारात आहे. समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास उंच, शहरातली सर्वांत उंच जागा, आणि पहाटे गेलात तर मोरांचा आवाज हमखास. वर खाणीच्या खड्ड्यात पाणी असतं, तिथे मात्र हात सोडायचा नाही. थोडं लांब जायचं असेल तर भाजे लेणी. लोकलने माळवलीला उतरावं, गावातून चालत जावं, पायऱ्या चढल्या की समोर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह. एकूण २२ लेणी आहेत. मुलांना शतकं कळत नाहीत, पण चैत्यगृहात उभं राहून हळूच आवाज दिला की तो कसा घुमतो ते लगेच कळतं.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी माझी पहिली पसंती लोहगड. लोहगडवाडीपर्यंत रस्ता आहे, तिथून वरपर्यंत पायऱ्या. मुलांच्या चालीने तासभर लागतो. माळवलीहून चालत आलात तर दीड-दोन तास जास्त लागतात, म्हणून लहान मुलांसह ते टाळावं. लोहगडाची खुबी म्हणजे त्याचे दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने एकामागून एक येतात. दमलेल्या मुलाला “अजून अर्धा तास” सांगितलं तर तो बसकण मारतो. “आता फक्त दोन दरवाजे राहिले” म्हटलं की उठतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला आणि १६७० साली परत मिळवलेला हा गड. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले घेतले, त्यांतलाही हा एक. माथ्यावर विंचूकाट्याकडे सगळे धावतात. वरून तो जरूर दाखवा. पण तिकडे जायला कातळातून उतरावं लागतं, लहान मुलांना तिथे नेऊ नका. त्यांना न उतरताही तो विंचवाच्या नांगीसारखा दिसतो.

दुसरी पसंती कोरीगड. लोणावळ्याहून आंबवण्याच्या रस्त्याला पेठ शहापूर गावातून वाट निघते. थोडी झाडीतून, मग पायऱ्या. वर गेलं की हा गड मुलांना फार आवडतो, कारण माथा सपाट आहे. दोन तळी, तोफा, कोराई देवीचं देऊळ आणि सगळीकडून फिरणारी तटबंदी. तटाच्या आतल्या बाजूने पूर्ण फेरी मारता येते. तटावर चढून चालणं मात्र नाही म्हणजे नाही.

नऊ ते बारा वयासाठी तिकोना, शिवनेरी आणि मघाशी म्हटलं तो पायी सिंहगड. तिकोन्याला शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, मुलामागे एक मोठा माणूस हवाच. पण वर गेल्यावर पवना धरणाचं पाणी आणि समोर तुंग, विसापूर, लोहगड असे सगळे भाऊबंद दिसतात. शिवनेरीला पायऱ्यांच्या वाटेने जावं, सात दरवाजे लागतात. साखळीची वाट मुलांसाठी नाही. १९ फेब्रुवारीच्या आसपास तिथे मोठी गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर जानेवारीतच जाऊन यावं.

बारा वर्षांपुढची मुलं तुमच्या पुढे पळतील, तुमचीच काळजी करा. त्यांच्यासाठी राजमाचीचा मुक्काम. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरची चाल आहे, पण चढ फारसा नाही. गावात जेवणाची आणि झोपायची सोय होते. रात्री आकाश बघावं, सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडीतला एक बालेकिल्ला करावा.

बाहेरगावी असणाऱ्यांनी नाराज होऊ नये. मुंबईकरांना कान्हेरीची लेणी आणि कर्नाळ्याच्या अभयारण्यातल्या पायवाटा आहेत. कर्नाळ्याला अंगठ्यासारखा सुळका खालूनच बघितला तरी मुलं खूश असतात. नाशिकला पांडवलेणी आणि मोगलांशी कित्येक वर्षं झुंजलेला छोटा रामशेज. साताऱ्याला अजिंक्यतारा आणि सज्जनगड. छत्रपती संभाजीनगरला देवगिरी आहे. तिथल्या अंधाऱ्या वाटेत टॉर्च घेऊन गेलेलं मूल इतिहासाचं पुस्तक स्वतःहून उघडतं, हे मी घरात बघितलं आहे.

आता पाठीवरच्या पिशवीबद्दल. प्रत्येक मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची छोटी पिशवी आणि स्वतःची पाण्याची बाटली असावी. चार तासांसाठी मुलामागे एक लिटर आणि मोठ्यांमागे दोन लिटर पाणी मी धरते. थंडीत तहान कळत नाही, म्हणून मागायची वाट न बघता दर थांब्यावर दोन घोट पाजायचे. खायला दशम्या, गुळाची पोळी, तिळाची वडी, उकडलेले शेंगदाणे, संत्री, बोरं. वेफर्सच्या पाकिटाने तहान वाढते आणि पाकीट वाऱ्याने उडून दरीत जातं. कपडे एकावर एक घालायचे. सकाळी कुडकुडतंय म्हणून जाड स्वेटर घालून चढवलं, की मूल आतून घामाने भिजतं, आणि माथ्यावर वाऱ्यात तोच घाम गार पडतो. निघतानाच थोडं गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. स्वेटर माथ्यावर काढायचा, म्हणजे पिशवीतून बाहेर काढायचा. बूट जुने, पायात बसलेले. नवे बूट लग्नाला. आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. हरवलास तर जिथे आहेस तिथेच बस आणि तीनदा शिट्टी मार, हे घरून शिकवून न्यायचं. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याचा पंप पालकाच्या खिशात हवा, गाडीत नको.

डॉक्टर मंडळी माना डोलवताहेत, म्हणून धोक्यांचंही पटकन सांगून टाकते. कड्याच्या कडेला फोटो नाही, यात मोठेही आले. मुलं आपलं ऐकत नाहीत, आपली नक्कल करतात. गडावरची पाण्याची टाकी दिसायला शांत असतात, पण आत उतरायला धड कड नसते आणि काठ निसरडा असतो. तिथे पोहणं नाही, वाकून हात धुणं नाही. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर आरडाओरडा करायचा नाही, जवळपास धूर करायचा नाही, आणि त्या दिवशी घरून अत्तर-सेंट लावून निघायचं नाही. माशा उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड कापडाने झाकून लांब निघून जायचं. डिसेंबरनंतर गवत कोरडंठाक होतं. एका विझत्या काडीने डोंगराचा उतार जळतो, आणि त्यात गुरांचा चारा, पक्ष्यांची घरं, उगवू पाहणारी रोपं सगळं जातं. चूल, शेकोटी गावात, अंगणात. माकडांसमोर डबा उघडायचा नाही. आणि पुढे असलेल्या मुलाच्या पायाने दगड सुटला तर “दगड!” असं मोठ्याने ओरडायचं, हा एक शब्द सगळ्यांना पाठ हवा.

आता जे खरं सांगायला उभी राहिले त्यावर येते. चालायचं कसं?

आपण मोठी माणसं काय करतो? पुढे जातो. वळणावर थांबतो. मागचं मूल धापा टाकत पोचलं, की “आला का? चला!” म्हणून निघतो. म्हणजे पुढच्यांची विश्रांती झालेली असते, आणि ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्याला एक मिनिटही मिळत नाही. अशा तीन वळणांनंतर ते मूल ‘परत कधीच नाही’ म्हणतं. बरोबरच म्हणतं.

म्हणून सगळ्यात सावकाश चालणारं मूल सगळ्यात पुढे. त्याची चाल ती सगळ्यांची चाल. त्याला वाट शोधायचं काम द्यायचं. पुढचा बाण कुठे आहे, पायवाट कुठे वळते, ते त्याने सांगायचं. मागे राहणारं मूल पुढे आलं की त्याचा वेग वाढतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मला त्याचं नवल वाटत नाही. ज्याला पळायचं आहे त्या दांडग्या मुलाला मधल्या फळीत पाणी वाटायचं काम द्यायचं. आणि सगळ्यात शेवटी एक मोठं माणूस, ज्याला कसलीही घाई नाही. त्याने कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही, आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही.

वाटेत मुलांना काहीतरी शोधायला द्या. माझा भाचा एकदा तटाच्या पायथ्याशी “मी इथूनच परत जाणार” म्हणून बसला होता. त्याला म्हटलं, “बरं, मी पाण्याची टाकी मोजायला चाललेय. किती सापडली ते खाली आल्यावर सांगते.” दोन मिनिटांत तो माझ्या पुढे होता, आणि मी मोजलेलं एक टाकं त्याला मान्य नव्हतं. कुणाला टाकी मोजायला द्या, कुणाला दगडावर कोरलेली चिन्हं, कुणाला शेपटी वरखाली हलवणारा धोबी पक्षी. थंडीत हे पाहुणे पाण्याच्या काठी हमखास भेटतात.

आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवा. आम्ही अकराची ठरवतो. अकरा वाजले की जिथे असू तिथे डबा उघडायचा आणि उतरायला लागायचं, माथा आला असो वा नसो. माथा पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असतो. अर्ध्यातून हसत उतरलेलं मूल पुन्हा येतं. रडत माथ्यावर नेलेलं मूल येत नाही.

गावाबद्दल दोन वाक्यं. ताक, लिंबू सरबत, भाकरी गडाखालच्या घरातूनच घ्या, आणि चाळीस रुपयांच्या ताकावर घासाघीस करू नका. ते पाणी त्या बाईने किती लांबून आणलेलं असतं ते मुलांना विचारायला सांगा, तेही शिक्षणच आहे. आणि आपला कचरा, संत्र्याच्या सालीसकट, आपल्या पिशवीतून घरी.

आता शेवटचं. दोन महिन्यांपूर्वी आपल्यातल्या एका मैत्रिणीने मला ग्रुपवर नाही, वेगळा निरोप पाठवला. तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. तिच्या घरी डोंगर हे खातं नवऱ्याकडे होतं. तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. धाकटा विचारतो, “आपण आता गडावर जायचंच नाही का?” तिने लिहिलं होतं, “मला वाटा माहीत नाहीत. एक पुढे पळतो, एक मागे बसतो, आणि मी एकटी आहे. पुढे चालू की मागे?”

मी बराच वेळ तो निरोप बघत बसले. मघापासून सांगितलेलं सगळं, पाणी, दशम्या, शिट्टी, चार तास, हे तिला एका कागदावर लिहून देता आलं असतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. एक माणूस एकाच वेळी पुढे आणि शेवटी चालू शकत नाही. त्याला दुसरं माणूसच लागतं. मग लक्षात आलं की अशी ती एकटीच नाही. कुणाचा जोडीदार बोटीवर असतो, कुणी एकटीने मूल वाढवतंय, कुणाच्या मुलाला चालायला वेळ लागतो म्हणून ते कुठल्याच ग्रुपबरोबर जात नाहीत. कुणाचे गुडघे गेले आहेत आणि नातवंडं मात्र दारात उभी आहेत. आपण पंचवीस वर्षांनी भेटलो, फोटो काढले, रडलो, हसलो. उद्या पुन्हा ग्रुपवर सुप्रभातची फुलं सुरू होतील. त्यापेक्षा एकमेकांच्या मुलांच्या मागे चालू या की.

म्हणून एक ठरवून आले आहे. या हिवाळ्यात तीन रविवार. डिसेंबरात वेताळ टेकडी, जानेवारीत लोहगड, फेब्रुवारीत कोरीगड. टेकडीला सर आणि बाईंनीही यावं. जिथपर्यंत गाडी येते तिथे सतरंजी टाकू, चहा देऊ, आणि मुलांना तुमच्या ताब्यात देऊ. आमच्या मुलांना तुम्ही अजून शिकवलेलं नाही, ती उणीव भरून निघेल. लोहगडाला आणि कोरीगडाला मुलांच्या वयाप्रमाणे गट करू. वर्गणी नाही, टी-शर्ट नाही, बॅनर तर नाहीच. ज्याचा त्याने डबा आणायचा, जास्तीचा असेल तर वाटायचा.

बाहेर चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात चार रकाने आखले आहेत. आपलं नाव. मुलांची वयं. काही आजार किंवा अडचण असेल तर ती, मोकळेपणाने. आणि चौथ्या रकान्यात एकच प्रश्न: शेवटी चालणार का? हिमालयवाल्या दोघांना माझी विनंती आहे, तुम्ही चौथ्या रकान्यात सही केल्याशिवाय चहा घेऊ नका. आणि ज्यांना मुलं नाहीत किंवा ज्यांची मुलं मोठी होऊन परदेशी गेली, त्यांनी दुसरा रकाना मोकळा सोडून चौथा भरावा. तुमची तर सगळ्यात जास्त गरज आहे.

पहिली सही सकाळीच झाली आहे. आपल्या त्या मैत्रिणीची. धाकट्याचं वय लिहिताना तिने सहा खोडून साडेसहा केलं आहे. त्याने बजावलं होतं म्हणे.

चहा गरम आहे, चला.